माटोळीच्या वहीला मी दिलेले अकरा गुण

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. अकरावीतल्या एका मुलीची इतिहासाची प्रकल्पवही मी न्हाणीच्या चुलीत घातली. चुकून नव्हे. वरचं नाव वाचून, आत काय आहे ते पुरतं माहीत असताना.

पेडणे तालुक्यातल्या एका उच्च माध्यमिक विद्यालयात मी इतिहास शिकवतो. वीस वर्षं होऊन गेली. जूनमध्ये प्रवेशाच्या टेबलावर बसायचं काम माझ्याकडे येतं, कारण मी फार बोलत नाही आणि कुणाशी भांडत तर नाहीच. समोर मुलीला घेऊन पालक येतात.

"सर, चेडू इतिहास घेवन करतला काय? मेल्या राजांचे पिंड घालतला?"

रांगेतले हसायचे. मीही हसायचो आणि म्हणायचो, "कॉमर्स बघा." इतिहासाचा मास्तरच असं म्हणतो म्हटल्यावर बाप निर्धास्त होऊन जायचा.

तरीही या मुलीने इतिहास घेतला. तिचे वडील सिंधुदुर्गातले. डिचोलीकडे खाणीवर ट्रक चालवायचे. ते काम सुटल्यावर आमच्या गावात काजूच्या बागायतीत मजुरीला आले आणि भाड्याच्या खोलीत राहिले. प्रकल्पाचा विषय होता स्थानिक इतिहास. बाकीच्यांनी किल्ले उतरवून आणले, एकाच वेबसाइटवरून, एकसारख्या चुकांसह. हिने माटोळीवर लिहिलं.

चवथीला आम्ही गणपतीच्या वर लाकडी चौकट टांगतो आणि तिला रानातली फळं, फुलं, वेली बांधतो. ती माटोळी. त्यांच्याकडे तिला माटी म्हणतात. ही मुलगी आमच्या वाड्यावरच्या पाच म्हाताऱ्यांकडे गेली आणि विचारत बसली: कवंडळ कुठून आणत होता? कांगण्या कुठे मिळत? कोण जाई, कुठल्या वाटेने? मग तिने डोंगराचा नकाशा काढला. कुठल्या खडपाजवळ काय मिळतं त्याच्या खुणा केल्या आणि वाड्यापासून वर सड्याच्या पठारापर्यंतची वाट लाल पेन्सिलने ओढली. प्रत्येक माहितीखाली सांगणारीचं वय, तिने ते स्वतः पाहिलं की नुसतं ऐकलं, आणि सांगितलं तो दिवस.

पाचांतली एक माझी आई होती.

मी घरी येऊन विचारलं, "हे सगळं तू तिला कधी सांगितलंस?"

"ती इली, बसली, इचारल्यान," आई म्हणाली. "तू कधी इचारलंस?"

ते मला लागलं. आणि त्याहून घाणेरडं काहीतरी मनात होतं, तेही आता लिहितो. भायल्याचं, बाहेरून आलेल्याचं पोर आम्हाला आमचा डोंगर दाखवणार? तोंडाने मी हे कधी म्हटलं नाही. तांबड्या शाईने म्हटलं: "हा इतिहास नव्हे. स्वयंपाकघरातल्या गप्पा." पंचवीसपैकी अकरा.

तिने एवढंच विचारलं, "सर, मग इतिहास कोणाचा असतो?"

"पुस्तकात बघ," मी म्हणालो.

बारावीनंतर तिने इतिहासाचं नाव काढलं नाही. मे महिन्यात कपाट आवरताना मी जुन्या वह्यांचा गठ्ठा पाणी तापवायला घरी आणला. इतरांच्या वह्यांतली कोरी पानं फाडून ठेवली. तिच्या वहीत कोरं पान नव्हतं.

गेल्या वर्षी तो डोंगर विकला गेला. बाहेरच्या एका खरेदीदाराने कुंपण घातलं, वाटेवर गेट लावलं. गाव मामलेदारांकडे गेला. सुनावणीला आम्ही चाळीस माणसं. समोरचा वकील अगदी सभ्य.

"वाट पूर्वापार आहे म्हणता. कशावरून?"

"आमचे बापजादे ह्याच वाटेन गेले," आमचा एकजण म्हणाला.

"कुठून कुठे? कशासाठी? पाहिलं कोणी? लिहिलंय कुठे?"

चाळीस माणसं गप्प. मागच्या बाकावर मीही गप्प. हे प्रश्न मला ओळखीचे होते. त्या मुलीच्या वहीत हेच विचारलेलं होतं, उत्तरांसकट. पाच म्हाताऱ्यांपैकी चार आता नाहीत, आई धरून. पाचवी स्वतःच्या लेकीला बहीण समजते.

चवथीला ती मुलगी गावात आली. फोंड्याला औषधांच्या दुकानात कामाला असते. वाटेचं वडिलांकडून कळल्यावर ती सरळ माझ्याकडे आली.

"सर, माझी ती वही आसा? तेच्यात वाट काढलेली मी."

"परत दिलेली गो तुला."

"नाय दिलेली, सर. पण तुम्ही म्हणतास म्हणजे माझ्याकडूनच हरवली असतली." वर माझी माफी मागून गेली. दोन दिवस तिने वडिलांच्या खोलीतल्या ट्रंका उपसल्या. मला माहीत होतं आणि मी घरात मोदक खात होतो.

यंदा संस्थेकडून निरोप आला, मुलं कमी असतील तर इतिहासाची तुकडी बंद करू, तुम्ही ऑफिस सांभाळा. मी नाही म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा. टेबलावर बसलो आणि पिंडांवरून विचारणाऱ्या बापाला म्हणालो, "करतला काय म्हणून विचारतास? उद्या कोण तुमच्या दारात उभा रवान 'कशावरून?' म्हणालो, तर तुमचा चेडू गप्प रवाचा नाय."

कुणी हसलं नाही.

इतिहासाने नोकरी मिळते की नाही, हा वाद मी घालणार नाही. पूर्वजांचा अभिमान हवा म्हणून तो शिका, असंही सांगणार नाही. आमच्या गावात अभिमान ढीगभर होता, मामलेदारांसमोर त्यातला मूठभरही चालला नाही. तिथे चालतं ते एवढंच: कोणी पाहिलं, कुठे उभं राहून पाहिलं, खोटं सांगण्यात त्याचा फायदा काय होता, आणि तो जिवंत असताना कुणी विचारून लिहून ठेवलं का. हे शाळेत फक्त इतिहासाच्या तासाला शिकवतात. ज्यांच्या घरात जमिनीचे कागद गच्च भरलेत त्यांनी खुशाल दुसरं काही शिकावं. ज्यांच्याकडे फक्त म्हाताऱ्यांची आठवण आहे, त्यांच्या मुलांना इतिहास सोडणं परवडत नाही. चौदाजणांनी घेतलाय. तुकडी बंद होत नाही. होऊ देणार नाही.

सुनावणीची पुढची तारीख लागली आहे. वही होती, त्यात वाट होती, मी ती वाचली आणि जाळली, हे मामलेदारांसमोर शपथेवर सांगणं मी गावाचं देणं लागतो. त्याआधी फोंड्याला जाऊन त्या मुलीला सांगायचं आहे, की वही तू हरवली नव्हतीस. हे लिहिलं म्हणून ते सांगून झालं, असं होत नाही. दोन्ही अजून राहिलं आहे.