ताईचे आठ दिवस

सकाळी सव्वासहाला ताईच्या शेजारणीचा, शबानाभाभींचा फोन आला. कंपनीची बस खाली हॉर्न वाजवतेय आणि नंदाताई उतरल्या नाहीत, म्हणाल्या. एवढ्यावरच मला कळायला हवं होतं. तीस वर्षांत चाकणची ती बस ताईसाठी कधी थांबली नव्हती. ताईच बससाठी थांबायची. पण मी स्वभावाप्रमाणे "झोप लागली असेल" म्हणालो आणि दात घासायला गेलो... झोपेतच गेली होती, तेवढं बरोबर निघालं.

ताई माझी थोरली बहीण. आधी माझं शिक्षण, मग आईचं अंथरूण, यात तिचं लग्न राहून गेलं. गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीत ती क्वालिटीला होती. पास मालाला हिरवा ठिपका, दुरुस्तीला पिवळा, बाद मालाला लाल. तेच चिकटे ठिपके ती घरी कादंबऱ्यांना लावायची. चिंचवड स्टेशनजवळच्या जुन्या पुस्तकांच्या ढिगातून आणलेल्या या इंग्रजी कादंबऱ्या. गोष्ट सगळ्यांची एकच. बाई सुट्टीत कुठल्याशा बेटावर जाते, पहिल्याच दिवशी एकाशी भांडते आणि आठवड्यात त्याच्या प्रेमात पडते. मशीनच्या मॅन्युअलचं कव्हर घालून ताई त्या बसमध्ये वाचायची आणि खुदुखुदु हसायची. शेवट पहिल्याच पानावर कळतो, मग वाचायचं काय, असं मी चिडवायचो. तेवढाच एक शेवट आधी कळतो रे, म्हणायची, म्हणून जीव निवांत राहतो.

यावरून मी माझ्या अकलेनं निष्कर्ष काढला की ताईला जोडीदार हवाय. आमच्या ऑफिसातल्या एका विधुर गृहस्थांना "सहज चहाला" म्हणून तिच्याकडे घेऊन गेलो. तिनं पोहे केले, त्यांच्या शुगरची चौकशी केली, जाताना लिंबाचं लोणचं बांधून दिलं. दार लावलं आणि एक लाल ठिपका काढून माझ्या शर्टाच्या खिशावर चिकटवला.

"पक्या, मला माणूस नकोय. आठ दिवस हवेत."

मग तिनं समजावलं. त्या पुस्तकांत बाई उठते तेव्हा न्याहारी कुणीतरी मांडून ठेवलेली असते. ती कुणाची बहीण, कुणाची मुलगी, तिथं कुणाला ठाऊक नसतं. प्रेमाचं ठीक आहे, पण ती न्याहारीची पानं ताई दोन-दोनदा वाचायची.

"तू चल ना बरोबर," ती म्हणाली. "एकटी गेले तर तिथंही उठून मीच चहा टाकेन."

मी म्हटलं, दिवाळीनंतर बघू. दिवाळीनंतर मुलाची बारावी आली, मग ऑफिसचं ऑडिट, मग माझा गुडघा. तिनं पुन्हा विचारलं नाही. मला वाटलं, विषय मिटला.

ती जाऊन दीड महिना झाल्यावर मी आठ दिवसांची रजा टाकली. ताईच्या दोन खोल्या आवरायला आठ दिवस? बायकोनं विचारलं, मग माझ्या तोंडाकडे बघून माझी बॅग भरायला घेतली. मी आलो आणि काही न आवरता गॅलरीत एक पुस्तक उघडून बसलो. माझं इंग्रजी असं की नायिका बोटीतून उतरायलाच दुसरा दिवस उजाडला. चौथ्या दिवशी शबानाभाभी चहा घेऊन आल्या तेव्हा मी डोळे पुसत होतो.

"काय झालं भाऊ? मेलं का कुणी त्यात?"

"नाही हो. दोघं आइस्क्रीम खातायत."

त्यांनी कप ठेवला आणि उभ्याच राहिल्या, कारण बसायला जागा नव्हती. तेव्हा माझ्या लक्षात आलं, ताईच्या गॅलरीत खुर्ची एकच आहे. इतकी वर्षं मी दर रविवारी इथं यायचो, पण गाडीची किल्ली बोटात फिरवत, उभ्याउभ्याच. दुसरी खुर्ची कधी लागलीच नव्हती.

आज आठवा दिवस. भाभींकडून एक खुर्ची मागून आणली, ताईच्या खुर्चीशेजारी लावली आणि तीत बसलोय. मघाशी ऑफिसातून फोन आला, जरा अर्जंट होतं.

सांगितलं, बाहेरगावी आहे.