अपडेट उतरेपर्यंत

दादा बोटीवर कामाला असतो, स्वयंपाकघरात. त्या दुपारी बोट बंदराला लागली आणि मेसेज आला, ‘संध्याकाळपर्यंत खलाशांच्या क्लबात आहे. नेट बरं आहे. खेळूया.’

फोनवर तो ‘बरा आसा’च्या पुढे जात नाही. फुटबॉलचा गेम खेळताना मात्र हेडफोनवर मोकळा बोलतो. हळर्णच्या घरी मी लगेच लॅपटॉप उघडला, तर गेमचं नवं अपडेट आलेलं. ते उतरल्याशिवाय आमचा सामना जुळणार नव्हता. आणि डाउनलोड मुंगीच्या पावलानं चाललं होतं.

फोनवर वेग तपासला. उत्तम. म्हणजे नेटचा दोष नव्हता. राउटरला केबल जोडली, फरक नाही. सर्व्हर बदलून पाहिला. वेग जरा चढला, परत बसला.

“झाला काय गो?” आई स्वयंपाकघरातून सारखी विचारत होती.

“थांब गे!” मी ओरडलेच.

दादाचा मेसेज, ‘आज रवांदी. पुढच्या बंदरात बघू.’ पुढचं बंदर कधी, ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

शेवटी माझ्या लॅपटॉपची लिनक्स प्रणाली वापरणाऱ्यांच्या एका ऑनलाइन चर्चेत माझ्यासारखीच तक्रार सापडली. गेम उतरवणाऱ्या प्रोग्रामची नवी डाउनलोड पद्धत लिनक्सवर अडखळते. सेटिंगच्या फाइलीत एक ओळ घालून ती बंद करायची. अनोळखी माणसाची ओळ तशीच चिकटवायची भीती वाटली. खालचे प्रतिसाद वाचले, बऱ्याच जणांचं काम झालं होतं. ओळ घातली, प्रोग्राम बंद करून परत चालू केला. क्षणभर वेगाचा आकडा शून्यावरच. मग एकदम उसळला.

ऊन कलायच्या आत सामना सुरू झाला. पण दादा नेहमीसारखा खेळेना. साधे पास चुकत होते, चेंडू सारखा माझ्याकडे येत होता.

“मुद्दाम हरतंस?”

“नाय गो.”

“मग?”

मी गेम थांबवला. “कॅमेरा लाव.”

नको नको म्हणत शेवटी त्यानं लावला. उजव्या हाताला मनगटापर्यंत पट्टी.

“कढईतला तेल उडाला. बोटीवर औषध दिलंहा. आईक सांगू नको.”

“मी नाही सांगत. तू सांग.”

त्यानं पट्टीचं सुटलेलं टोक आत खोचलं. मग म्हणाला, “बोलय तिका.”

हाक मारताच आई पिठाच्या हातांनी आली. मी तिच्या कानाला हेडफोन लावला. दादा काय बोलला ते मला ऐकू आलं नाही. ती रडेल असं वाटलं होतं. ती पडद्यावरच्या पट्टीकडे बघत राहिली.

“मगे जेवतंस कसो?” तिनं विचारलं.

त्यानं डावा हात वर करून चमचा धरल्यासारखं दाखवलं.