डांबराच्या पिंपाचं मडगार्ड

कुठल्याही वस्तूवर आधी बोटाच्या पेराने टकटक करायची आणि मान तिरपी करून ऐकायचं, ही त्याची सवय. पत्रा, टेबल, कलिंगड, एकदा तर माझ्या वडिलांची छाती. वडील डॉक्टर. "सायेब, आतून बरे हाय तुमी," असा निकाल देऊन तो चहा प्यायला. वडिलांना राग यायला हवा होता. त्यांनी बिस्किटं मागवली.

श्रीरामपुरात चिंचेखाली गाड्यांचे पत्रे ठोकणारा हा मिस्त्री मूळचा पाथर्डीकडचा. असा माणूस तुम्हीही पाहिला असेल, ज्याला काम देताना आपणच अर्ज घेऊन उभे आहोत असं वाटतं.

बहात्तरच्या दुष्काळात आमची जुनी विलायती गाडी त्याच्याकडे गेली. पुढची दोन्ही मडगार्डं गंजली होती. वडिलांची नजर अधू झाल्यापासून खेड्यातल्या पेशंटकडे त्यांना मीच न्यायचे. इंग्रजी शाळेत मी दोन भाषांत गप्प बसायला शिकले होते. स्टिअरिंगमागे ते खपून जायचं. गाडी गेली असती तर वडील एस.टी.च्या रांगेत आणि मी पुन्हा घरात.

त्यात नगरहून एक शौकीन गृहस्थ आले. त्यांच्याकडे तसलीच गाडी. "दिवे, दारं, चाकं सुटी करून द्या. बाकीचं भंगारात घाला." वडील डळमळले.

मिस्त्रीने टकटक केली. डावं मडगार्ड खणखणलं. उजवं नुसतं थप्प. खरवडलं तर रंगाखाली भरलेल्या लांबीच्या लगद्यातून गोणपाट बाहेर आलं.

"कुन्या बहाद्दरानं गाडीला पोटीस बांधलंय!"

"म्हणजे विकायचंच," गृहस्थ खुशीत म्हणाले.

"गाडी चालवतं कोन?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे.

"ताई, हे दोघंबी मागं बसनारे. तुमी सांगा. दुरुस्त का सुटी?"

"दुरुस्त."

"चिंचेवरच्या कावळ्यानंबी ऐकलं न्हाई."

मी ओरडले. कावळा उडाला. गृहस्थ नगरला परतले.

मग त्याने रस्त्याच्या दुष्काळी कामावरचं डांबराचं रिकामं पिंप आणलं. कुठून कसं, ते विचारायची सोय नव्हती. ते उभं कापलं, उलगडलं आणि अकरा दिवस ठोकलं. मडगार्ड झालं; जोडीदारापेक्षा जरा गुटगुटीत. "डावं विलायती, उजवं दुष्काळी," अशी तो ओळख करून द्यायचा. ऊन तापलं की त्या मडगार्डाला डांबराचा वास सुटे. पुणतांब्याला गाडी उभी केली की माणसं जवळ येऊन विचारायची, "रस्त्याचं काम निघालं का वो, ताई?" नाही म्हणताना माझा आवाज पुन्हा बारीक व्हायचा.

पुढच्या वर्षी पाऊस झाला आणि तो गावाकडे पेरायला निघाला. मी त्याला स्टँडवर सोडलं. हत्यारांची पिशवी मांडीवर घेऊन तो पुढे बसला होता. उतरल्यावर कंडक्टरला म्हणाला, "बायमानसाच्या गाडीत पयल्यांदा बसलो. अजून जित्ता हाय."

"परत येणार ना?" मी विचारलं. चांगलं मोठ्याने.

"पावसाला इचारा."

तो परत आला नाही. बस हलली तेव्हा मी हात वर केला होता. खिडकीतून त्याचं सगळं डोकं बाहेर होतं, पण माझ्याकडे लक्षच नव्हतं. बस वळेपर्यंत तो उजव्या मडगार्डाकडे बघत होता.