सफुराने न पुसलेल्या बायका

कर्जतच्या बाजारात टांगे रंगवायचं दुकान महंमदचं. पण त्याच्या हाताला कंप सुटला तेव्हापासून कुंचला धरला होता त्याच्या बायकोने, सफुराने. बाईमाणसाने भर बाजारात बसून वेलबुट्टी काढायची, हे पुष्कळांना रुचलं नाही. सफुरा म्हणायची, "घोड्याला इचारा, त्याला चालतंय का." टांगेवाले हसायचे आणि टांगा तिच्यापुढे आणून उभा करायचे.

एकोणीसशे सव्वीस-सत्तावीसच्या सुमारास कशेळ्याच्या वाटेवर मुंबईच्या एका शेठने बंगला बांधला. बागेला पाणी हवं म्हणून शेजारची विहीर जमिनीसकट विकत घेतली, तिच्यावर लोखंडी पवनचक्की उभी केली आणि भोवती काटेरी तार ओढली. ठाकरवाडीच्या बायका पिढ्यान्‌पिढ्या त्याच विहिरीवर पाणी भरत. आता त्यांना पार नदी गाठावी लागे.

शेठला चक्कीचं भारी कौतुक. दिवाणखान्यात लावायला तिचं चित्र हवं, म्हणून त्याने सफुराला बोलावलं. "मागे डोंगर, पुढे चक्की. शांत देखावा पाहिजे," त्याने बजावलं.

सफुरा तारेबाहेर आंब्याखाली कापड ताणून बसली. माथेरानचा डोंगर कापडावर उतरला, चक्कीची पाती उतरली. एवढ्यात हंडे घेऊन बायका नदीकडून आल्या आणि दम खायला तारेपाशी थांबल्या. आत पाणी पाटातून गुलाबांकडे खळखळत चाललं होतं.

"भाबी, आमची हीर काढतेस व्हय?" त्यांच्यातल्या चिंधीने विचारलं. आवाजात राग नव्हता. सफुराला तेच जास्त झोंबलं. बायका वाडीकडे वळल्या तरी ती कितीतरी वेळ त्या जागेकडे बघत राहिली. मग तिने कुंचला लाल रंगात बुडवला.

घरी महंमदने चित्र पाहिलं. "माणसं? आपल्यात माणसं काढत नाय, सफुरा."

"तोंडं कुठं काढलीत? तारेपाशी उभ्या पाठी हायत नुसत्या."

तो पुटपुटत आत गेला. पण चित्र भिंतीकडे वळवून ठेवलं नाही त्याने.

शेठ मात्र चित्र बघून भडकला. "या बाया पुसून टाक!"

"तिथं होत्या, म्हणून काढल्या."

"चित्र माझं आहे!"

"कापड माझं, रंग माझे. नको असंल तर मी नेते."

आणि तिने ते खरंच नेलं. बाजाराच्या दिवशी दुकानाच्या दारात टांगलं. चिंधीने लुगड्याच्या गाठीवरून स्वतःची पाठ ओळखली आणि सगळ्यांना ओढत आणून दाखवली. ही बातमी बंगल्यावर पोचायला वेळ लागला नाही. शेठचा कारभारी दुकानात आला.

"उतरव ते. नाहीतर एक टांगा येणार नाही तुझ्याकडे."

सफुराने स्टूल ओढलं, वर चढली आणि चित्र आणखी उंच टांगलं, रस्त्यावरून दिसेल असं.

काही टांगे खरंच यायचे थांबले. ते दिवस कठीण गेले. पण नागू टांगेवाला डरला नाही. शेठचे पाहुणे स्टेशनवरून तोच न्यायचा, आणि दुकानासमोर हटकून लगाम ओढायचा. "ती बगा शेठची चक्की."

"आणि या बायका कोण?" पाहुणे विचारायचे. नागू सगळं सांगायचा. मग तोच प्रश्न बंगल्यावर चहाच्या वेळी शेठपुढे यायचा.

अखेर शेठने तारेबाहेर हौद बांधला. चक्कीचं पाणी त्यात पडू लागलं, बायकांची नदीची पायपीट थांबली. तार मात्र तशीच राहिली. कारभारी पुन्हा आला, या वेळी गोड बोलत. "शेठ चित्र घेतायत. बायका राहू देत. फक्त हौद काढ, आणि तेवढी तार पूस."

"हौद काढते," सफुरा म्हणाली. "पाणी मिळतंय, ते खरंच हाय. पण हीर अजून आत हाय. तार ऱ्हाईल."

कारभारी रिकाम्या हाताने गेला. दुसऱ्या दिवशी तिने चित्रात हौद काढला, आणि एका टांग्याच्या पाठीवर पोपट रंगवायला बसली.