पंचनदरावांचा निरोप

डोळा लागतो न लागतो तोच कुमुदला वाटतं, खोलीतला पंखा थांबलाय. पंखा फिरतोच आहे, फक्त त्याचा आवाज लांब गेलाय, पलीकडच्या गल्लीत कुणी गहू पाखडत बसावं तसा. शेजारच्या पलंगावर तिची मुलगी मृदुला मोबाईलवर उद्याच्या गाडीचं बघते आहे. पडद्याच्या फटीतून तंजावरची दुपार आत आलीय.

"झोप जरा, आई," मृदुला म्हणते, आणि तो आवाजही लांब जातो.

सकाळी उजाडता उजाडता दोघी मोठ्या मंदिरात जाऊन आल्या होत्या. पायाखालचे दगड गार होते. चहूकडे तमिळ, आणि ओवरीच्या भिंतीवर मात्र लांबच लांब कोरलेली मराठी. ती बघून मृदुला हरखून गेली. कुमुदचं चित्त गेलं ते बाहेर आल्यावर. फुलवालीशी बोलत उभी असलेली एक बाई निघताना म्हणाली, "पोयिट्टु वरेन." कुमुद जागच्या जागी थिजली. मृदुलानं गाडीवाल्या सेल्वमला त्याचा अर्थ विचारला. तो मोडक्या हिंदीत म्हणाला, "जाके आता हूँ. हमारे में 'जाता हूँ' नहीं बोलते, अम्मा."

दवाखान्यात शेवटी शेवटी पंचनदराव हेच म्हणत होते. तंजावरचे मराठी ते. घरात मराठी, रस्त्यावर तमिळ असे वाढले, रेल्वेच्या नोकरीनं मिरजेला आले आणि तिथलेच होऊन गेले. सगळा संसार त्यांनी कुमुदशी आपल्या जुन्या वळणाच्या मराठीत केला. मग मेंदूत रक्तस्राव झाला आणि मराठी तेवढी पुसून गेली, तमिळ राहिलं. तिच्याकडे बघून ते पुन्हा पुन्हा म्हणायचे, "पोयिट्टु वरेन." ती विचारायची, "पाणी हवंय का?" चमच्यानं पाजायची. तिला बरं वाटावं म्हणून की काय, ते प्यायचे. तहान त्यांना नव्हतीच.

आता ती ओवरीत उभी आहे आणि पंचनदराव भिंतीशी टेकलेत. अंगात दवाखान्याचा निळा सदरा, पण दाढी नीट केलेली. उजव्या हाताचं बोट भिंतीवरच्या अक्षरांवर ठेवलंय.

"अहो, तुम्ही इथं?"

"आमचंच गाव की." बोट दोन अक्षरं पुढं सरकतं. "यायला किती उशीर लावलास, कुमुद."

ती जवळ सरकते. "मराठी आली परत तुम्हाला?"

"आली कुठली? इथं लिहिलीय. बघून बोलतो."

खरंच, बोट चालतंय तोवरच ते बोलतात. बोट उचललं की ओठ नुसते हलतात. तिला कळतं की भिंत संपली की हेही संपणार. ती मुद्दाम हळू चालते.

"गुडघा कसा आहे?" ते विचारतात.

"आहे. जिना चढवत नाही."

"मृदुला?"

"रडत नाही ती. मला भीती वाटते तिची."

"माझ्यावर गेलीय," ते म्हणतात.

ओवरीचे खांब जातात आणि मिरजेच्या दवाखान्याचा व्हरांडा येतो. भिंतीवर मराठी तशीच आहे, फक्त वर हिरवा तेलरंग चढलाय. एक नर्स ट्रॉली ढकलत जाते. ट्रॉलीवर कुमुदच्या स्वयंपाकघरातली कढई आहे, आणि तिला त्याचं नवल वाटत नाही. अक्षरं आता विरळ होत चाललीत.

"मी तुम्हाला पाणी पाजत राहिले हो," ती घाईनं म्हणते. "तुम्ही निरोप घेत होता, आणि मी नुसतं पाणी."

"गोड होतं."

"मला कळायला हवं होतं."

"तुला कसं कळणार? मीच कधी शिकवलं नाही. वाटलं, घरात काय करायचंय तमिळ." बोट एका अक्षरावर रेंगाळतं. "शोधत होतो गं मराठी शब्द. जिभेवर यायचा आणि जायचा."

पुढं भिंत नाही. दोघं मंदिराच्या अंगणात उभी आहेत, भर उन्हात, अनवाणी. दगड तव्यासारखे तापलेत. त्यांचे पाय निवांत टेकलेत, तिचे मात्र पोळताहेत. सावली हाताच्या अंतरावर आहे, पण कुमुद हलत नाही. हललं आणि नजर चुकली तर?

पंचनदराव तिच्याकडे बघतात. बोटाखाली आता काही नाही.

"पोयिट्टु वरेन," ते म्हणतात.

यावर काय म्हणायचं असतं ते कुमुदला ठाऊक आहे. मिरजेला रोज सकाळी डबा घेऊन ते उंबऱ्यात उभे राहायचे आणि ती आतून "या" म्हणेपर्यंत पाऊल टाकायचे नाहीत. भांडण झालेलं असलं तरी. आताही तसेच उभे आहेत. आपण गप्प राहिलो तर हे असेच राहतील, तिला वाटतं, आणि ती दात आवळून गप्प राहते. तळवा पेटलाय. राहू देत उभे. इथंच राहीन मीही.

पण त्यांचा चेहरा थकत चाललाय. खांदे खाली येताहेत. शेवटच्या रात्री उशीवर होता तसाच चेहरा, ताटकळलेला.

"या," ती म्हणते.

त्यांना मराठी शब्द कळला की नाही, तिला समजत नाही. ते मान हलवतात, वळतात आणि अंगण ओलांडून जातात. मागं बघत नाहीत. मागं बघायची त्यांना सवयच नव्हती.

पंख्याचा आवाज एकदम जवळ येतो. कुमुद उठून बसते, पाय खाली टेकवते आणि कळवळते.

"काय झालं?" मृदुला येते, खाली बसून आईचा पाय मांडीवर घेते. तळव्यावर रुपयाएवढा फोड टरारून आलाय, पाण्यानं भरलेला. "आई, हे कुठं भाजलं? सकाळी तर फरशी गार होती."

कुमुद त्या फोडावर हलकेच बोट टेकवते.

"थांब, मलम आणते."

"नको. राहू दे."

"अगं, दुखेल."

"गेले गं ते," कुमुद म्हणते. "मीच 'या' म्हटलं."

मृदुला तिच्याकडे बघत राहते. मग त्या पायावर कपाळ टेकते आणि बाप गेल्यापासून पहिल्यांदाच मोठ्यानं रडायला लागते. कुमुद पाय मागं घेत नाही.