पाऊण पंचा

आमच्या शाळेत गणित म्हणत असत, करत नसत. सकाळी प्रार्थना झाली की गुर्जी टेबलाशी बसून पानाला चुना लावायला घेत आणि मला खूण करत. मी उभी राहून एक ओळ म्हणायची आणि मागोमाग सगळ्या वर्गानं ती म्हणायची. आधी तिसापर्यंतचे पाढे, मग पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी. आवाज पारापर्यंत पोचला की गाव म्हणायचं, शाळा चांगली चालली आहे. एखाद्या दिवशी पोचला नाही तर पाटील माणूस पाठवून गुर्जींच्या तब्येतीची चौकशी करायचे.

गाव मोताळ्यापासून दोन कोसांवर. मुलींची वेगळी शाळा नव्हती, म्हणून मुलांच्या शाळेतच आम्ही दोघी मुली एका कोपऱ्यात बसायचो. मी शेतकऱ्याची आणि दुसरी गावातल्या मुसलमान शिंप्याची. तिचे वडील घराच्या ओसरीत मशीन मांडून कपडे शिवायचे आणि शाळा सुटली की ती त्यांच्याजवळ बसून कापडाच्या घड्या घालायची.

माझा आवाज खणखणीत होता. पाढ्यांत मी कधी अडले नाही. त्यामुळे आपल्याला गणित फार चांगलं येतं, असं माझं मत होतं. गुर्जींचंही तेच होतं. पाव म्हणजे काय, पाऊण म्हणजे काय, हे मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं. सगळं येत असताना विचारायचं कशाला?

शिंप्याच्या मुलीचं मात्र कठीण होतं. एकदा गुर्जींनी तिला एकटीला उभं केलं.

"पाऊणकी म्हण."

"बे पाऊण दीड, तीन पाऊण..." ती थांबली. ओठ हलले, बोटं हलली. मग म्हणाली, "सव्वादोन."

"थांबली काऊन?"

"हिशेब करून राह्यली होती, गुर्जी."

"हिशेब नसते करायचा, पोरी. पाठ करायचं असते. हिशेब करा लागला, मंजे पाठ नाही."

"पण पाऊण किती असते ते मले मालूम आहे. दाखवू का?" तिनं हात लांब केला आणि दुसऱ्या हाताचं बोट कोपराच्या वर कुठंतरी टेकवलं.

"दाखवू नको, म्हण," गुर्जी म्हणाले, आणि दुपारच्या सुट्टीपर्यंत तिला उभं ठेवलं.

मला तिची कीव आली. सुट्टीत मी तिला चिंचेचा गोळा दिला आणि समजावलं, "डोये मिटून डोलत जाय. आपोआप येते." तिनं चिंच घेतली.

त्या हिवाळ्यात डिप्टीसाहेब शाळा तपासायला येणार, असा निरोप बुलढाण्याहून आला. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता. वरचे साहेब नागपुरात बसत आणि ते आमच्यापर्यंत येण्याचा धोका नव्हता. डिप्टीसाहेब मात्र खरोखर यायचे. आठवडाभर आम्ही शाळा सारवली, भिंती पोतारल्या आणि पाढे इतके घोटले की रस्त्यानं जाणाऱ्या गुराख्यांनाही सवायकी यायला लागली. शिंप्याच्या मुलीला गुर्जींनी बजावलं, "तू मागं बसजो. तोंड हालवजो, पण आवाज काढू नको."

साहेब बैलांच्या दमणीतून आले. पोरसवदा नव्हते, म्हातारेही नव्हते. फार दमलेले दिसत होते. सोबत एक शिपाई होता आणि त्याच्या खांद्यावर लाल काठाचा कोरा पंचा. साहेब खुर्चीत बसले आणि मी सुरुवात केली. दिडकीपर्यंत पोचलो तोवर त्यांचे डोळे मिटले होते. गुर्जींना वाटलं, साहेब तल्लीन झाले. त्यांनी मला आणखी मोठ्यानं म्हणायची खूण केली.

अडीचकी संपली. एकदम शांत झालं, आणि त्या शांततेनंच बहुधा साहेब जागे झाले.

"छान," ते म्हणाले. "आता मला सांगा, पाऊण म्हणजे किती?"

सगळ्या वर्गानं माझ्याकडे पाहिलं. मी उठले आणि साहेबांनी नीट ऐकली नसावी असं समजून पाऊणकी पहिल्यापासून शेवटपर्यंत पुन्हा म्हटली. त्यांनी मधे अडवलं नाही.

"हे ऐकलं, बाळ. पण पाऊण म्हणजे किती?" त्यांनी शिपायाच्या खांद्यावरचा पंचा ओढून माझ्या हातात दिला. "याचा पाऊण भाग दाखव."

मी पंचा दोन्ही हातांत धरून उभी राहिले. उलटा केला, सुलटा केला. पंच्यात पाऊण असतो, हे मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते. दुसरं काही सुचेना, म्हणून पंच्याकडे बघत हळू आवाजात सुरू केलं, "एक पाऊण पाऊण, बे पाऊण दीड..." मागं एक मुलगा फिस्सकन हसला. माझे कान तापले. गुर्जींच्या कपाळावर घाम आला.

"मी दाखवू?"

आवाज काढू नको म्हणून सांगितलेली मुलगी पुढं आली होती. तिनं माझ्या हातातून पंचा घेतला, मधोमध दुमडला, पुन्हा दुमडला, उलगडला. घड्यांच्या रेघांनी चार भाग पडले होते. एक भाग मागं मुडपून उरलेला तिनं साहेबांपुढं धरला.

"हा पाऊण."

साहेब खुर्चीत सरळ बसले. "शाबास. असे चार पाऊण एकत्र केले, तर पुरे पंचे किती?"

तिचे ओठ हलले, बोटं हलली. गुर्जींनी डोळे मिटून घेतले.

"तीन."

"कशावरून?"

"चार पंचे घेतले. हरेकाचा एक पाव उरला. चार पाव मंजे एक पंचा वाचला ना, साहेब. मंग तीनच लागले."

साहेब हसले. जाताना शेरेबुकात बराच वेळ लिहीत होते. दमणी वळणाआड गेल्यावर गुर्जींनी ते वाचलं आणि मग आम्हाला वाचून दाखवलं. लिहिलं होतं की, या शाळेतले शिक्षक वस्तू हातात देऊन गणित समजावतात, ही पद्धत इतर शाळांनी घ्यावी.

गुर्जींनी ते तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना त्यांना ते पटलं.

दुसऱ्या दिवशी प्रत्येकानं घरून पंचा आणायचा हुकूम निघाला. ज्याच्याकडे पंचा नव्हता, त्यानं आईच्या लुगड्याचा तुकडा आणला. आम्ही ओळीत उभे राहिलो आणि मी सांगायची, "घडी एक! घडी दोन! उलगडा! एक मुडपा!" सगळे ओरडायचे, "पाऊण झाला!" आवाज पारापर्यंत जायचा. पंधरा दिवसांत सगळ्या शाळेला पंच्याचा पाऊण पाठ झाला.

एक दिवस शिंप्याच्या मुलीनं पंचा लांबीत न दुमडता रुंदीत दुमडला. गुर्जी तिच्यापुढं थांबले.

"हे काय करून राह्यली?"

"असाही पाऊणच होते, गुर्जी."

"होत असन. साहेबानं तसा पाह्यला नाही. सरका धर."

तिनं सरळ, लांबीत धरला. चौथीच्या परीक्षेत पाऊणकीत अडली म्हणून तिचे गुण कापले गेले. मला पैकीच्या पैकी मिळाले. तिच्या वडलांनी तिला पुढं शिकवलं नाही. मी शिकत गेले आणि मास्तरीण झाले. अपूर्णांक मला ट्रेनिंगच्या वर्गात, एका भाकरीवर, विसाव्या वर्षी कळले.

पुढं एका उन्हाळ्यात माहेरी गेले, तेव्हा तीही माहेरी आली होती. वडलांच्या मशीनवर बसून सासरच्या गावातल्या लग्नाची पोलकी शिवत होती. मी तिच्याजवळ मोकळी झाले. म्हटलं, "मले काहीच येत नव्हतं बाई. सारं तुलेच येत होतं. पाढे मंजे निस्ती पोपटपंची."

तिनं मशीन थांबवली. "तुले बोलाले काय होते? चार पंच्यांचं बोटावर जमते. इथं वीस झंपर आहेत, हरेकाले पाऊण वार. दर वेळी घड्या घालत बसू का?"

"वीस पाऊण पंधरा," माझ्या तोंडून आपोआप निघालं.

"बघ! मले ते पाह्यजे. म्हण पह्यल्यापासून."

मी पुढच्या वर्षी माझ्या वर्गात काय काय नवीन करणार आहे ते तिला सांगायला आले होते. ते राहिलं. ओसरीत बसून मी पाऊणकी म्हणू लागले आणि मशीनवर पाय मारत ती माझ्यामागं म्हणू लागली. दिवेलागणीपर्यंत तिची पाऊणकी पक्की झाली आणि सवायकी निम्मी. निघताना मी म्हटलं, "एक झंपर मलेही कापू दे ना, शिकून घेतो."

"राहू दे," ती कात्री उचलून आपल्याकडे ठेवत म्हणाली, "लग्नाचं कापड आहे."