चौथ्या गाडीची जागा

संग्रामपूरच्या वरच्या अंगाला, सातपुडा उतरता उतरता सपाटीला टेकतो तिथं, एका चिंचेखाली रज्जाकची गाडी उभी असते. कधीकाळी ती शाळेच्या मुलांची गाडी होती. रज्जाकनं ती मोडीच्या भावात घेतली, आतली बाकं काढली, दोन पलंग, एक शेगडी आणि पाण्याची टाकी बसवली. शहरातले लोक अशा गाडीला कॅम्परव्हॅन म्हणतात. गावानं तिचं नाव खाटेची गाडी ठेवलं.

रज्जाक छपन्न वर्षांचा. लहानपणी बापाच्या बकऱ्या घेऊन त्यानं हा सगळा डोंगर पायाखाली घातला, मग वीस वर्षं काळीपिवळी जीप चालवली, आणि आता हिवाळ्यात पुण्या-नागपूरचे लोक आपापल्या गाड्या घेऊन त्याच्याकडे येतात. रात्री गाडीत झोपायचं, दिवसा डोंगर चढायचा, हा त्यांचा शौक. त्यांना मुक्कामाची जागा आणि पायवाट दाखवावी ती रज्जाकनंच, असा त्याचा लौकिक होता.

जागा निवडायची त्याची स्वतःची रीत होती. उन्हं कलताना तो माळावर जायचा आणि गुरं कुठं बसतात ते बघायचा. गाय बसते तिथं वारा अंगावर येत नाही आणि खाली ओल नसते. मग तो परात काढायचा. जमिनीवर परात ठेवून तीत पाणी ओतायचा आणि पाणी कुठल्या काठाला चढतं ते वाकून न्याहाळायचा. पाणी चारी बाजूंनी सारखं राहिलं की गाडी सपाट उभी राहणार, माणूस पलंगावरून घसरणार नाही, शेगडीवरचा चहा सांडणार नाही. शेवटी पायवाट. ती गाडीच्या दारातून निघाली पाहिजे, सकाळी चढताना ऊन पाठीवर पाहिजे. हे सगळं त्याला कुणी शिकवलं नव्हतं, आणि ही गोष्ट तो दर पाहुण्याला सांगायचा.

मग अश्विनी आली.

अश्विनी वडनेर भोलजीच्या किसनरावांची मुलगी. शाळेसाठी ती इकडे डोंगराच्या पायथ्याला मामाकडे राहायची आणि रोज रज्जाकच्या जीपमध्ये पुढं बसून संग्रामपूरला जायची. गप्प बसणं तिला ठाऊक नव्हतं. चाचा, हे काऊन, चाचा, ते काऊन, असं दर गोष्टीला तिचं का विचारणं चालायचं. एकदा शाळेची सहल माळावर थांबली तेव्हा परातीत पाणी कशाला ओतता म्हणून तिनं विचारलं होतं, आणि रज्जाकनं कौतुकानं सगळं समजावून दिलं होतं. पुढं ती पुण्याला शिकली, तिथं नोकरी केली, आणि सहा वर्षांनी परत येऊन मामाच्या पडीक शेतात तिनं दगडमातीचे ओटे बांधून चार गाड्यांची जागा तयार केली. फोनवर नकाशे टाकले, फोटो टाकले. पहिल्याच हिवाळ्यात तिच्याकडे गाड्या लागल्या.

रज्जाकच्या पोटात तेव्हापासून निखारा पडला. चिंचेखाली बसून तो समोरच्या रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्या बघायचा आणि तिच्याकडे वळणारी प्रत्येक गाडी त्याला आपल्या ताटातून उचललेल्या भाकरीसारखी वाटायची. बायको सुगराबी रात्री त्याला जेवायला वाढताना त्याचं तोंड बघायची. एकदा तिनं घरच्या बोलीत सरळच विचारलं, "तुम उस पोट्टी से जलते क्या?" रज्जाक भाजीत मीठ जास्त झालंय एवढंच म्हणाला. सुगराबी म्हणाली की मीठ तर मी अजून घातलंच नाही.

दिवाळीनंतर एके दुपारी अश्विनी बाजाराला गेली आहे असं बघून तो परात घेऊन तिच्या जागेवर गेला. पहिल्या गाडीच्या ओट्यावर परात ठेवली. पाणी सारखं. दुसऱ्यावर, तिसऱ्यावर, तसंच. गुरांच्या बसण्याच्या जुन्या खुणा तिथं होत्या, वाराही मागच्या बांधावर अडत होता. त्याचंच सगळं ज्ञान त्या शेतात मांडून ठेवलेलं होतं. चौथ्या ओट्यावर मात्र पाणी पूर्वेच्या काठाला बोटभर चढलं. एक दगड कमी पडला होता. रज्जाकनं परत परत ओतून पाहिलं आणि मग असा हसला की बांधावरचे होले उडाले. ते बोटभर पाणी त्यानं मनात जपून घरी नेलं.

डिसेंबरात पुण्याचा गट आला. अकरा माणसं, चार गाड्या. चंद्रशेखर नावाचे बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ त्यांचे म्होरके. तीन वर्षं ते रज्जाककडेच उतरत होते. या वर्षी त्यांनी अदबीनं सांगितलं की दोन दिवस तुमच्याकडे राहू, दोन दिवस अश्विनीताईंकडे, आणि मग दरवर्षीची जागा एकच ठरवू. रज्जाक मान हलवून हो म्हणाला. त्याचे दोन दिवस चांगले गेले. फक्त एका बाईनं बोलून दाखवलं की चढतो त्याच वाटेनं उतरावं लागतं, गोल फिरून येता आलं तर मजा येईल. तेवढं वाक्य त्याच्या कानात रुतून बसलं, कारण अश्विनीची वाट गोल फिरून येत होती.

ती वाट त्याला पाठ होती. तिच्या शेतातून तासभर चढलं की एक फुटका पाझर तलाव लागतो. तिथं दोन फाटे होतात. उजवा फाटा डोंगराच्या धारेवर जातो. तिथं काळा सपाट खडक आहे आणि खडकावरून पूर्णा नदीकडचं सगळं मैदान दिसतं, कपाशीची शेतं, गावांच्या पाण्याच्या टाक्या, ऊन पडलं की चमकणारे पत्रे. धारेवरून पुढं गेलं की वाट आपोआप वळून खाली शेतात येते. डावा फाटा घळीत उतरतो. गेल्या पावसाळ्यात त्या घळीचा उतार सुटला, मुरूम मोकळा झाला. हे रज्जाकनं ऑगस्टात डोळ्यांनी पाहिलं होतं आणि कुणालाच सांगितलं नव्हतं.

गट अश्विनीकडे गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी, उजाडल्यावर, रज्जाक मागच्या अंगानं डोंगर चढला. तलावापाशी त्यानं बोरीची मोठी फांदी तोडली आणि उजव्या फाट्यावर आडवी टाकली. या मुलखात वाटेवर काटेरी फांदी आडवी दिसली की माणूस पुढं जात नाही. कुणी टाकली, कशाला टाकली, विचारत नाही. पलीकडे मोहोळ उठलेलं असेल, कुणाची गाय व्यायली असेल, असं समजून मागं फिरतो. पुण्याचे पाहुणेही फिरतील, धार न बघता खाली उतरतील, आणि मग त्यांना चिंच आठवेल, एवढाच त्याचा हिशेब होता. हात ओरबाडले त्याचं त्याला काही वाटलं नाही. तो समोरच्या टेकाडावर जाऊन पळसाआड बसला.

नऊच्या सुमाराला रंगीत टोप्या वर येताना दिसल्या. पुढं अश्विनी. फांदीपाशी ती थांबली. रज्जाक वाट बघत होता की आता वळतील. टोप्या वळल्या, पण खाली नाही. डावीकडे वळल्या.

तेव्हा त्याला आठवलं की ही पोरगी मामाबरोबर याच घळीतून मोहाची फुलं वेचायला जायची. डावी वाट तिच्याही पायांखालची होती, मुरूम सुटायच्या आधीची.

रज्जाक उठला आणि पळत सुटला. चोपन्न वर्षांचे गुडघे, पायात टायरची चप्पल. टेकाड उतरताना तो दोनदा पडला. घळीच्या तोंडाशी पोचला तेव्हा चंद्रशेखर उतारावर चार पावलं गेले होते, आणि त्यांच्या हातातली काठी सुटून मुरमाबरोबर खडखडत खाली चालली होती. किती तरी वेळ ती थांबलीच नाही.

"थांब वं, अश्विनी," तो वरून ओरडला. "पाय हलवू नोको कोणी. मुरूम सुटला हाय."

सगळे जागच्या जागी थिजले. रज्जाक आडवा होऊन सरकत गेला, एका झाडाच्या मुळाला पाय अडकवला आणि चंद्रशेखरांचं मनगट धरून त्यांना एकेक पाऊल वर घेतलं. कुणाला लागलं नाही. एका बाईनं त्याच्यापुढं पाण्याची बाटली धरली. चाचा, तुम्ही देवासारखे आलात, असं कुणीसं म्हणालं. रज्जाकनं बाटली घेतली नाही.

पाहुणे बसून दम खात होते. अश्विनी त्याच्या हातांकडे बघत होती. तळव्यांवर बोरीच्या काट्यांच्या ताज्या लाल रेघा होत्या. तिनं त्याला जरा बाजूला घेतलं.

"चाचा, फांदी तुमचीच व्हय ना?"

"हाव."

ती मग हळू म्हणाली, "मले वाटलं पलीकडे मोहोळ असंल. म्हणून लोकायले इकडे आणलं."

ती चिडली असती तर रज्जाकला सोपं गेलं असतं. तो तलावाकडे गेला, फांदी हातानंच ओढून बाजूला केली आणि पाहुण्यांना उजवी वाट मोकळी करून दिली. तो सगळ्यांच्या मागं चालला. धारेवर पोचल्यावर पाहुणे काळ्या खडकावर उभे राहून खाली बघू लागले. ते मैदान रज्जाकनं हजारदा पाहिलं होतं. त्या दिवशी त्यानं पाहिलं नाही.

संध्याकाळी चंद्रशेखर चिंचेखाली आले. त्यांनी हात जोडले, जीव वाचवल्याबद्दल पुन्हा पुन्हा आभार मानले, आणि मग अवघडून सांगितलं की दरवर्षीची जागा अश्विनीताईंची ठरली. वाट गोल फिरते ना, म्हणून. फांदीचा त्यांनी विषयही काढला नाही. अश्विनीनं कुणालाच काही सांगितलेलं नव्हतं, हे रज्जाकला तेव्हा कळलं आणि ते त्याला जागा गेल्यापेक्षा जास्त झोंबलं. पोरीनं जागा घेतली ती घेतली, वर मोठेपणाही घेतला.

सुगराबीला त्यानं सगळं सांगितलं. ती पुष्कळ बोलली, मग गरम पाण्यानं त्याचे हात धुतले आणि सुईनं काटे काढले.

याला आता दोन वर्षं झाली. दर नोव्हेंबरात, पाहुणे यायच्या आधी, रज्जाक डोंगर चढतो आणि डाव्या फाट्यावर बोरीची ताजी फांदी आडवी टाकून येतो. अश्विनी ती बघते. कुणी टाकली ते तिनं कधी विचारलं नाही. रस्त्यात भेटली की ती गाडी थांबवून चाचा म्हणून हाक मारते, तोही थांबतो, सुगराबीची तब्येत, मामाची कपाशी, असं दोन शब्द बोलणं होतं. मग तिची गाडी पुढं जाते आणि तो तिच्या मागच्या दिव्यांकडे बघत राहतो, आणि पोटातला निखारा त्याच्या जागी असतो.

पुण्याचे लोक गेल्या डिसेंबरात परत जाताना चहाला चिंचेखाली थांबले होते. चौथ्या गाडीतले एक गृहस्थ म्हणत होते की का कोण जाणे, रात्रभर पलंगावरून पूर्वेकडे सरकतोय असं वाटत होतं. रज्जाकनं त्यांच्या कपात चहा ओतला, अगदी काठोकाठ, थेंबही सांडू न देता, आणि थंडीनं तसं होतं म्हणून सांगितलं.

एक दगड बसवला की काम झालं असतं. ते मात्र त्यानं अजून अश्विनीला सांगितलेलं नाही.